यादी लागण्याआधी करायचा हिशोब

(नीट-यूजीचा निकाल लागल्यानंतर आणि राज्याची पहिली प्रवेश यादी जाहीर होण्याआधी विद्यार्थी-पालकांच्या मेळाव्यात एका डॉक्टर कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पुढच्या रांगांत मुलं-मुली बसली आहेत, मागे त्यांचे अब्बू, अम्मी, मामू, चाचा. मी बोलणार आहे मुलांशी. पण डॉक्टर होण्याचे निर्णय आपल्याकडे एकटं मूल घेत नाही, सगळं घर घेतं. म्हणून मागच्या रांगांनीही कान द्यावा.

तुमच्या हातात गुणपत्रक आहे. ७२० पैकी गुण आणि देशभरातला क्रमांक, हे दोन आकडे आता बदलणार नाहीत. बदलू शकते ती फक्त यादी, आणि ती तुमच्या हातात नाही. त्यामुळे सध्या घरात काय चाललंय ते मला ठाऊक आहे. रात्री दोनपर्यंत टेलिग्रामवर 'संभाव्य कटऑफ' बघणं. सकाळी दुसऱ्या क्लासचा व्हिडिओ, त्यात दुसराच आकडा. दारात भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "हो गया क्या ॲडमिशन?" मग मूल घराबाहेर पडायचं बंद होतं.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. हे थांबण्याचे दिवस कटऑफचा अंदाज करण्यात घालवू नका, हिशोब करण्यात घालवा. आणि हिशोब फक्त एमबीबीएसच्या जागेचा करू नका. त्यापुढच्या पीजीचा, म्हणजे निवासी डॉक्टर म्हणून काढायच्या तीन वर्षांचाही करा. आज जी जागा घ्याल ती घेतल्यावर, साडेपाच वर्षांनी पीजीच्या तयारीसाठी पैसा, उमेद आणि मोकळीक उरणार आहे का? या प्रश्नाचं उत्तर काढून मग पर्याय भरा.

आधी प्रवेशाची यंत्रणा समजून घेऊ. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. ते काम दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी करते. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या असतात आणि त्या आपला सीईटी कक्ष केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून भरतो. दोन्हीकडे वेगळी नोंदणी, वेगळे शुल्क, वेगळ्या तारखा. एकीकडे अर्ज केला म्हणजे दुसरीकडे झाला असं होत नाही.

या यंत्रणेत मुलाखत नाही. समोर बसून तुमचं नाव, आडनाव, पेहराव बघून गुण देणारा माणूस नाही. क्रमांक, प्रवर्ग आणि तुम्ही भरलेली पर्यायांची यादी, एवढंच संगणक बघतो. नीटबद्दल तक्रारी खूप आहेत आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत. २०२४ साली आधी ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण, मग १५६३ मुलांसाठी फेरपरीक्षा, मग २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आणि त्यानंतर सुधारित निकाल, असं सगळं झालं. त्या वर्षी थांबलेल्या मुलांचे हाल मी पाहिले आहेत. पण जागावाटपाच्या टप्प्यावर क्रमांकाला कुणाची ओळख लागत नाही, ही आपल्यासारख्यांसाठी लहान गोष्ट नाही.

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरोसा ठेवावा, ही गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली आहे. कॅपमधला उंट म्हणजे पर्यायांची यादी. ती बांधायची कशी ते सांगते.

पहिलं, यादी तुमच्या खऱ्या पसंतीच्या क्रमाने भरा. "हे कॉलेज मिळणारच नाही, मग वर कशाला लिहू?" असा विचार करू नका. संगणक तुमच्या यादीत वरून खाली येतो. वरचं नाही मिळालं तर पुढचं बघतो. वर मोठं नाव लिहिल्याने खालची संधी जात नाही. दुसरं, जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादीत लिहू नका. तिसरं, मिळालेली जागा पुरेशी वाटली तर राज्याच्या प्रक्रियेत 'स्टेटस रिटेन्शन'चा अर्ज भरून ती कायम करता येते. तो भरला नाही आणि पुढच्या फेरीत वरचं कॉलेज लागलं, तर आधीची जागा आपोआप जाते. चौथं, प्रत्येक फेरीचा बाहेर पडण्याचा नियम वेगळा आहे. एमसीसीच्या पहिल्या फेरीत जागा सोडली तर दंड नाही. दुसऱ्या फेरीनंतर सोडली तर अनामत रक्कम जाते. तिसऱ्या फेरीची जागा घेतल्यावर सोडता येत नाही. अगदी शेवटच्या स्ट्रे फेरीत मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या नीटवर गदा येऊ शकते. हे नियम दरवर्षी माहितीपुस्तिकेत छापले जातात आणि त्यात बदलही होतात. म्हणून पुस्तिका स्वतः वाचा. सायबर कॅफेवाल्या भाईवर सोडू नका. पासवर्ड तुमच्याकडे हवा आणि ओटीपी तुमच्याच फोनवर यायला हवा.

आता कागदपत्रं. आपल्या समाजात गुणांनी न गेलेल्या जागा कागदांनी जातात.

मोमीन-जुलाहा, बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार, मनियार अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसी आहेत. छप्परबंद विमुक्त जातींत येतात. तडवी भिल्ल अनुसूचित जमातीत येतात. तरीही "आम्ही मुसलमान, आम्हाला कुठली जात?" असं म्हणून घरं हा विषयच टाळतात. शाळेच्या दाखल्यात नुसतं 'मुस्लिम' लिहिलेलं असतं, आणि प्रवेशाच्या वेळी आजोबांच्या कागदांची शोधाशोध सुरू होते. जातीचा दाखला, जात पडताळणी आणि ओबीसीसाठी चालू वर्षाचं नॉन-क्रिमीलेअर, हे तिन्ही लागतात. अखिल भारतीय कोट्यात २०२१-२२ पासून ओबीसींना २७ टक्के आणि ईडब्ल्यूएसना १० टक्के जागा आहेत, पण तिथे केंद्राच्या यादीत तुमची जात असावी लागते आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला लागतो. जे कुठल्याच आरक्षणात नाहीत, त्यांच्यातल्या वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांनी ईडब्ल्यूएसची पात्रता तपासावी. खुल्या गटातल्या शेख, सय्यद, पठाण कुटुंबांना हे माहीतच नसतं.

पाच टक्क्यांचं विचारणारे इथेही असतील. जुलै २०१४ मध्ये राज्याने मुस्लिमांतल्या मागास गटांसाठी पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातल्या आरक्षणाला दिली नाही. पण अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो संपला. त्याची मागणी चळवळ म्हणून आपण करत राहू. पण तुमचा या वर्षीचा अर्ज आज जे उपलब्ध आहे त्यावरच भरायचा आहे.

आता पीजीकडे येते, कारण खरा हिशोब तिथून उलटा करायचा आहे.

एमबीबीएस साडेचार वर्षं, अधिक एक वर्ष इंटर्नशिप. आज तुम्ही अठरा-एकोणीसचे असाल तर डॉक्टर व्हाल तेव्हा चोवीस-पंचवीसचे असाल. सरकारी महाविद्यालयातून झालात तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे. मग नीट-पीजी. २०० प्रश्न, ८०० गुण, चुकीला वजा गुण. बहुतेकांना त्यासाठी निदान एक वर्ष बसून तयारी करावी लागते. मग एमडी किंवा एमएसची तीन वर्षं. म्हणजे 'बच्चा डॉक्टर बन गया' म्हणून पेढे वाटल्यानंतर खरा तज्ज्ञ होईपर्यंत आणखी चार-पाच वर्षं लागतात. आपल्या घरांत पहिल्या पेढ्याची तयारी असते, या चार-पाच वर्षांची नसते.

२०१४ पूर्वी देशात एमबीबीएसच्या जागा ५१ हजारांच्या घरात होत्या, २०२४-२५ मध्ये त्या एक लाख पंधरा हजारांच्या पुढे गेल्या. पीजीच्या जागा ३१ हजारांच्या आसपास होत्या, त्या सत्तर हजारांच्या वर गेल्या. ऐकायला बरं वाटतं. पण नीट-पीजीला बसणारे दोन लाखांहून जास्त आहेत, कारण जुने-नवे सगळेच बसतात. आणि सगळ्या पीजी जागा सारख्या नाहीत. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र यांसारख्या शाखांत जागा रिकाम्या राहतात, तर मेडिसिन, रेडिओलॉजी, त्वचारोग यांसाठी झुंबड उडते. २०२३ मध्ये तर रिकाम्या जागा भरण्यासाठी पात्रता शून्य पर्सेंटाईलवर आणली गेली. म्हणजे 'पीजी मिळालं' या वाक्याचा अर्थ शाखा आणि शुल्क कळल्याशिवाय लागत नाही. खासगी संस्थांत मागणी असलेल्या काही शाखांचा तीन वर्षांचा खर्च कोटीच्या घरात जातो.

थांबणं तिथेही आहे. २०२४ ची नीट-पीजी २३ जूनला होणार होती, ती आदल्या रात्री पुढे ढकलली. मुलं परगावी परीक्षा केंद्राजवळ खोली घेऊन बसली होती. परीक्षा झाली ११ ऑगस्टला. २०२५ ची १५ जूनला होती, सर्वोच्च न्यायालयाने ती एकाच सत्रात घ्यायला सांगितल्यावर ३ ऑगस्टला झाली. नियमही वाटेत बदलतात. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातलं रहिवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. 'नेक्स्ट' नावाची परीक्षा २०१९ च्या कायद्यात आली आणि पुढे ढकलली जात राहिली. तेव्हा सहा वर्षांनंतरच्या एखाद्या नियमावर आज घर पणाला लावू नका. टिकतील अशा दोनच गोष्टी आहेत. तुम्ही वॉर्डात काय शिकलात, आणि तुमच्या डोक्यावर कर्ज किती आहे.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. कमी खर्चाची जागा आधी. गावापासून लांब असली तरी, कॉलेज नवीन असलं तरी.

गेल्या काही वर्षांत नंदुरबार, सिंधुदुर्ग, धाराशिव, परभणी इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली. २०२४ मध्ये हिंगोली, जालना, बुलढाणा, वाशीम, गडचिरोली अशी आणखी भर पडली. पालक म्हणतात, "मॅडम, तिकडे काय आहे?" नव्या ठिकाणी शिक्षक कमी असतात, वसतिगृह अपुरं असतं, पीजीचे विभाग उभे राहायचे असतात. हे खरं आहे आणि जाण्याआधी तिथल्या मुलांना विचारून घ्यावं. पण पदवी त्याच नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची आहे, आणि जिल्हा रुग्णालयात रुग्णांची कमी नसते. महत्त्वाचं हे की तिथून बाहेर पडताना तुमच्या मागे वसुलीवाला नसतो. पीजीच्या तयारीला एक वर्ष घरी बसायची मोकळीक असते.

आता दुसरी बाजू मांडा. खासगी महाविद्यालयाचं शुल्क बहुतेक ठिकाणी वर्षाला आठ-दहा लाख किंवा त्याहून वर, बऱ्याच अभिमत विद्यापीठांत वीस लाखांच्या पुढे. समजा, एका घराने जमीन विकून आणि उसनवारी करून हे केलं. मुलगा चोवीसाव्या वर्षी डॉक्टर झाला. आता घर म्हणेल, "बेटा, अब कमाना शुरू करो." तो एखाद्या खासगी रुग्णालयात रात्रपाळीचा आरएमओ होतो. दिवसा झोपतो, रात्री ड्युटी करतो, पुस्तक उघडायला वेळ नाही. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. पीजी सुटतं. त्याची अक्कल कमी नव्हती. पहिल्याच टप्प्यात घराचा पैसा संपला म्हणून त्याचं पीजी सुटलं. असे तरुण मला दरवर्षी भेटतात.

मुलींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आणि ओबीसी, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसी गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. ज्या घरांत "मुलीवर इतका खर्च?" असा प्रश्न निघतो, त्यांना हा शासन निर्णय छापून दाखवा.

परदेशाबद्दल. "पंचवीस-तीस लाखांत डॉक्टर" असं सांगणारे एजंट या महिन्यात आपल्या मोहल्ल्यांत फिरतात. हलाल जेवण, मशीद जवळ, मुलींचं वेगळं वसतिगृह, हे सगळं सांगतात. पीजीबद्दल विचारलं की विषय बदलतात. मी जाऊ नका म्हणत नाही. विचारून जा म्हणते. नोव्हेंबर २०२१ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांप्रमाणे तिथला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून आणि एकाच संस्थेत पूर्ण झालेला हवा. तिथेच बारा महिन्यांची इंटर्नशिप, परत आल्यावर इथे बारा महिने. त्या देशात डॉक्टर म्हणून काम करण्याची पात्रताही मिळायला हवी. नीट पात्र असणं आधीच सक्तीचं आहे. आणि परतल्यावर एफएमजीई. ३०० पैकी १५० गुण लागतात. जून २०२४ च्या सत्रात पाचातला जेमतेम एक उत्तीर्ण झाला. त्यानंतर नीट-पीजी सगळ्यांच्याच रांगेत. शिवाय २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो मुलं अर्धवट शिक्षण सोडून परतली, मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, त्याच वर्षी बांगलादेशातून मुलांना घाईने यावं लागलं. एजंटाला एकच प्रश्न विचारा: तुमच्यामार्फत सहा-सात वर्षांपूर्वी गेलेल्या दहा मुलांचे फोन नंबर द्या. ते कुठे आहेत ते आम्हीच विचारतो.

कर्जाचा विषय आपल्याकडे नाजूक असतो. व्याज नको म्हणून अनेक घरं बँकेची पायरी चढत नाहीत. तो त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, मी त्यात मुफ्ती होणार नाही. पण मग दुसरा रस्ता काय निवडला जातो ते बघा. राहतं घर गहाण पडतं, बहिणीच्या लग्नाचं सोनं मोडलं जातं, किंवा 'बिनव्याजी हप्ते' म्हणून एजंटाने मूळ रकमेतच वाढवून लावलेला आकडा भरला जातो. निर्णय तुमचा, फक्त सगळे आकडे एका कागदावर लिहून घ्या. राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे, तिची चौकशी करा. आणि जमातीतल्या मोठ्यांना माझी विनंती आहे. जकातीतून पहिल्या वर्षाचं शुल्क देणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. इंटर्नशिपनंतर पीजीची तयारी करणाऱ्याला एक वर्ष कर्ज-ए-हसना देणारं कुणी दिसत नाही. सगळ्यात जास्त गळती तिथे आहे. तिथे मदत ठेवा.

मुलींसाठी थांबण्याचा अर्थ वेगळा असतो, तो स्पष्टच बोलते. मुलगा पुन्हा नीट देतो म्हणाला तर घर म्हणतं, "एक साल और." मुलगी म्हणाली तर घर कॅलेंडर बघतं. एमबीबीएसला लागली तर रिश्ते वाढतात, आणि इंटर्नशिप संपेपर्यंत कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं. मग पीजीचं 'शादी के बाद देखेंगे' होतं. निवासी डॉक्टरची ड्युटी सलग चोवीस तास, कधी छत्तीस तास चालते. ती सासरच्या मर्जीवर होत नाही.

मी लग्न करू नका म्हणत नाही. पण रिश्ता बघताना पीजीचा विषय तोंडी आश्वासनावर सोडू नका. शिक्षण आणि नोकरी चालू राहील, ही अट निकाहनाम्यात लिहून घेता येते. मेहेरची रक्कम आपण काळजीने लिहितो, तशी ही ओळही लिहा. आणि अब्बूंना सांगते, ज्या मुलीने तुमच्या घरात बसून दोन वर्षं रोज बारा तास अभ्यास केला, तिला तीन वर्षं रुग्णालयाच्या वसतिगृहात राहू देण्यात तुमची इज्जत जात नाही.

शाखेचंही तसंच. आपल्या मुलींना एकच शाखा सांगितली जाते, स्त्रीरोग. चांगली शाखा आहे, समाजाला गरज आहे. पण भूलशास्त्र, बालरोग, मानसोपचार, समाजवैद्यक या शाखाही बघा. उर्दू-दखनी बोलणाऱ्या बाईला आपल्या भाषेत "दिल घबराता है" हे सांगता यावं असे मानसोपचारतज्ज्ञ आपल्या शहरांत किती आहेत?

पीजीचा विचार करताना जागेइतकाच वॉर्डचा विचार करायचा असतो. जळगावच्या डॉ. पायल तडवी आपल्यापैकीच, तडवी भिल्ल समाजातल्या. मुंबईच्या टोपीवाला महाविद्यालयात त्या स्त्रीरोग शाखेच्या निवासी डॉक्टर होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी जीवन संपवलं. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. त्यांच्या आई आबेदा तडवी यांनी घरात रडत न बसता राधिका वेमुला यांच्यासोबत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, शिक्षणसंस्थांमधला भेदभाव थांबावा म्हणून. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाली, देशभर डॉक्टर रस्त्यावर आले.

हे ऐकून मुलींना घरी बसवू नका. यातून दोन गोष्टी घ्या. एक, कॉलेज निवडताना तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोला. वसतिगृह, ड्युटीची खोली, रॅगिंगविरोधी समिती, तक्रार केल्यावर काय होतं, हे विचारा. दोन, घरी असं वातावरण ठेवा की त्रास होत असेल तर मूल पहिल्या आठवड्यात सांगेल. "इतना खर्चा किया है, सहन कर" हे वाक्य बोलायचं नाही. एक जागा सोडली तर दुसरी मिळते.

ज्यांना जागा मिळणार नाही असं वाटतंय, त्यांच्यासाठी. पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर आधी बघा, या वेळी गुण कुठे गेले. पद्धत तीच ठेवून तिसरं, चौथं वर्ष देण्यात अर्थ नाही. थांबायचं किती, हे आजच घरच्यांसोबत ठरवा. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, युनानी, फिजिओथेरपी, नर्सिंग या सगळ्या वाटा आहेत, पण त्या त्यांच्यासाठी घ्या. 'नंतर ॲलोपॅथीच करू' या हिशोबाने घेऊ नका. बीयूएमएससाठी भाषेची अट काय आहे, तीही बघून ठेवा.

आणि कुणाला फारच असह्य होत असेल, झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. नमाज पढा, दुआ मागा, आणि फोनही करा. ताप आल्यावर आपण दोन्ही करतोच ना?

शेवटी, आज रात्रीचं काम. एक कोरा कागद घ्या. अब्बू-अम्मीला सोबत बसवा. मिळण्यासारखे चार पर्याय डावीकडे लिहा. प्रत्येकापुढे तीन आकडे: साडेपाच वर्षांचा एकूण खर्च, त्यातला उसना किंवा कर्जाचा किती, आणि इंटर्नशिप संपेल तेव्हा घरात पीजीच्या एका वर्षासाठी किती उरेल. मुलगी असेल तर चौथी ओळ लिहा: तेव्हा तिचं वय किती असेल आणि घराने तिला कोणता शब्द दिला आहे. त्या शब्दाखाली घरच्यांनी सह्या करा. हसू नका, खरंच करा. मग पर्यायांची यादी भरा.

यादी लागेल तेव्हा लागेल. कुणाचं नाव पहिल्या फेरीत येईल, कुणाचं तिसऱ्या, कुणाचं येणारच नाही. पण हा कागद जवळ असेल तर यादी लागल्यावर शेजाऱ्यांना, एजंटला किंवा मामूंना विचारत फिरावं लागणार नाही. बाहेर टेबलावर आपले कार्यकर्ते बसले आहेत. दाखले तपासून घ्या, पर्याय भरताना शंका असेल तर विचारा. पैसे लागत नाहीत. आणि तुम्ही लागलात की पुढच्या वर्षी त्या टेबलामागे येऊन बसा, एवढीच फी.

खुदा हाफिज. जय संविधान.